वृत्तपत्राच्या वकिलाचा अशील कोण?

व्हिएतनाम युद्धाबाबत अमेरिकी सरकारने आपल्याच नागरिकांपासून काय काय दडवले, हे सांगणारा सात हजार पानांचा गोपनीय अहवाल १३ जून १९७१च्या रविवारी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापायला घेतला. ‘पेंटॅगॉन पेपर्स’ म्हणून गाजलेल्या या प्रकरणातली तीन-चार नावे जगभर ठाऊक आहेत. कागद बाहेर काढणारा डॅनिएल एल्सबर्ग, ते मिळवणारा बातमीदार नील शीहान, पाठोपाठ ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये तेच धाडस करणाऱ्या कॅथरीन ग्रॅहम. जेम्स गुडेल हे नाव मात्र पत्रकारितेच्या वर्गाबाहेर फारसे ऐकू येत नाही. ते ना बातमीदार होते ना संपादक. टाइम्स कंपनीचे पगारी वकील, म्हणजे जनरल कौन्सेल होते. बातमी छापावी की नाही, या प्रश्नावर कंपनीचा वकील हा अडथळा असतो, अशी संपादकीय विभागांत रूढ समजूत आहे. कंपनीच्या संचालकांना तो ढाल वाटतो. गुडेल यांची कारकीर्द या दोन्ही समजुतींत बसत नाही. माध्यम कंपनीच्या वकिलाची खरी परीक्षा त्याच्या कायद्याच्या ज्ञानाची नसते. ‘माझा अशील कोण?’ या प्रश्नाला तो काय उत्तर देतो, याची ती परीक्षा असते. कागदोपत्री उत्तर सोपे आहे: कंपनी. पण कंपनी म्हणजे भागधारकांची मालमत्ता, की बातमी देण्यासाठी उभी राहिलेली संस्था? या दोहोंचे हित बहुतेक दिवस एकच असते. ज्या दिवशी ते वेगळे होते, त्या दिवशी वकिलाचा सल्ला त्याच्या मनातल्या उत्तराप्रमाणे वळतो.

गुडेल यांचा जन्म १९३३चा. येलमधून पदवी, शिकागो विद्यापीठातून कायद्याचे शिक्षण, मग वॉल स्ट्रीटच्या परंपरेतल्या ‘लॉर्ड, डे अँड लॉर्ड’ या प्रतिष्ठित पेढीत उमेदवारी आणि १९६३ साली टाइम्समध्ये प्रवेश. हा चळवळ्या वकिलाचा मार्ग नव्हे, व्यापारी कायद्याच्या वकिलाचा आहे. कंपनीच्या आत बसणाऱ्या वकिलाला त्या काळी दुय्यम समजत. करारमदार, कामगारांचे प्रश्न, कर ही कामे त्याची. मोठा खटला आला की बाहेरची नामांकित पेढी पुढे येई. टाइम्सची अशी पेढी म्हणजे लॉर्ड, डे अँड लॉर्डच होती आणि ते नाते अनेक दशकांचे होते. अलाबामातल्या ज्युरीने पाच लाख डॉलरची भरपाई ठरवलेला सलिव्हन खटला टाइम्सने १९६४ साली सर्वोच्च न्यायालयात एकमताने जिंकला. सार्वजनिक पदाधिकाऱ्याने बदनामीचा दावा केला, तर वृत्तपत्राने जाणूनबुजून किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता असत्य छापले हे त्यानेच सिद्ध करावे, हे तत्त्व तिथून आले. त्या लढाईमागेही हीच पेढी होती. गुडेल यांच्या काळात कंपनीचे रूपही पालटत होते. १९६९ साली तिचे समभाग शेअर बाजारात आले. १९७१मध्ये काउल्स समूहाची मासिके, वृत्तपत्रे आणि एक दूरचित्रवाणी केंद्र तिने विकत घेतले. त्यामुळे पेंटॅगॉन पेपर्सचा प्रश्न समोर आला तेव्हा गुडेल एका छापखान्याचे नव्हे, बाजारात नोंदलेल्या, भागधारकांना उत्तरदायी असलेल्या कंपनीचे वकील होते.

कागद हाती आल्यापासून छापले जाईपर्यंत सुमारे तीन महिने गेले. त्या अवधीत वकिलाने काय केले, यात साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. गुडेल यांनी १९१७चा हेरगिरीविरोधी कायदा कलमवार अभ्यासला. गोपनीयतेचा शिक्का हा राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने मारला जातो. तो मोडून बातमी छापणे गुन्हा आहे, असा सरसकट कायदा काँग्रेसने केलेला नाही, हे त्यांच्या लक्षात आले. हेरगिरीच्या कायद्यातील ज्या कलमाची भीती घातली जात होती, त्यात माहिती ‘पोचवणे’ आहे, ‘प्रसिद्ध करणे’ नाही. बाजूच्या कलमांत मात्र प्रसिद्धीचा स्पष्ट उल्लेख आहे. अपवाद वगळता छापण्याआधीच मनाई करता येत नाही, हे तत्त्व १९३१च्या निअर विरुद्ध मिनेसोटा खटल्यात प्रस्थापित झालेच होते. लॉर्ड, डे अँड लॉर्डचे लुईस लोब आणि हर्बर्ट ब्राउनेल यांनी तोच कायदा वाचून उलट निष्कर्ष काढला. हे छापणे गुन्हा ठरेल, प्रकाशकाला तुरुंगात जावे लागेल, असे त्यांचे मत होते. ब्राउनेल हे आयझेनहॉवर यांचे अ‍ॅटर्नी जनरल. सरकारी कागद गोपनीय ठरवण्याची जी पद्धत टाइम्स ओलांडू पाहत होता, तिची घडी त्यांच्याच कारकिर्दीत, १९५३ साली बसवली गेली होती. तेव्हा हा मतभेद निव्वळ विद्वत्तेचा नव्हता. लोब आणि ब्राउनेल यांनी ‘कंपनीला धोका आहे का?’ असे विचारले आणि उत्तर अर्थातच होकारार्थी आले. गुडेल यांनी ‘हे छापण्याचा कायदेशीर मार्ग कोणता आणि त्यात धोका किती?’ असे विचारले.

१४ जूनच्या संध्याकाळी अ‍ॅटर्नी जनरल जॉन मिचेल यांची तार आली: पुढचे भाग छापू नका, कागद परत करा. प्रकाशक आर्थर ऑक्स सल्झबर्गर लंडनमध्ये होते. न्यूयॉर्कच्या कचेरीत मतभेद झाले, दूरध्वनीवरून लंडनशी खल झाला, आणि गुडेल यांचा सल्ला ‘छापा’ असा राहिला. टाइम्सने मिचेल यांची विनंती आदरपूर्वक नाकारली. त्याच रात्री लॉर्ड, डे अँड लॉर्डने हा खटला चालवण्यास नकार दिला. सकाळी न्यायालयात उभे राहायला टाइम्सकडे वकील नव्हता. मध्यरात्रीनंतर येलचे घटनातज्ज्ञ अलेक्झांडर बिकेल आणि तरुण वकील फ्लॉइड एब्रम्स यांना गाठण्यात आले. न्यायाधीश मरे गर्फाइन यांनी १५ जूनला तात्पुरता मनाई हुकूम दिला. राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन एखाद्या वृत्तपत्राला केंद्रीय न्यायालयाने छापण्यापासून रोखल्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ. इथे गुडेल यांच्या सल्ल्याची दुसरी, कमी चर्चिलेली बाजू दिसते. तार मानू नका, पण न्यायालयाचा हुकूम माना. टाइम्स गप्प झाला आणि आपलीच बातमी ‘वॉशिंग्टन पोस्ट’, ‘बॉस्टन ग्लोब’ आणि इतर वृत्तपत्रांत छापून येताना त्याला पाहावी लागली. ३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी मनाई उठवली. मंत्र्याची इच्छा आणि कायद्याचा हुकूम यांतला फरक ज्याला नेमका ठाऊक आहे, तोच एकाला नाही आणि दुसऱ्याला होय म्हणू शकतो.

पगारी वकील हा मालकाचा नोकर असतो, तेव्हा निर्भीड सल्ला बाहेरच्या स्वतंत्र पेढीकडूनच मिळेल, हा पहिला आणि सर्वांत प्रचलित आक्षेप. त्या रात्री झाले ते याच्या उलट. स्वतंत्र पेढी निघून गेली, नोकर टिकून राहिला. याचे कारण व्यक्तींच्या शौर्यात शोधण्यापेक्षा त्यांच्या कामाच्या रचनेत शोधावे. बाहेरच्या पेढीला अनेक अशील असतात, सरकार दरबारी नाती असतात, आणि एका प्रकरणात चुकल्यास तिचे नाव जाते. तिला सर्वांत स्वस्त पडणारा सल्ला ‘नको’ हाच असतो, कारण न छापलेल्या बातमीचा खटला कोणी भरत नाही. आतला वकील वर्षानुवर्षे संपादकांबरोबर बसतो. कोणता बातमीदार काटेकोर आहे, कोणते कागद तपासलेले आहेत, हे त्याला ठाऊक असते. न छापल्याने संस्थेचे किती नुकसान होईल, हा हिशेब फक्त त्यालाच करता येतो. पण एवढ्यावरून आतला वकील धाडसी आणि बाहेरचा भित्रा असा नियम काढला, तर पुढचाच पुरावा तो खोडून काढतो.

१९९५ साली सीबीएसच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमाने ब्राउन अँड विल्यमसन या सिगारेट कंपनीचे माजी संशोधनप्रमुख जेफ्री वायगँड यांची मुलाखत चित्रित केली. कंपनीशी गुप्ततेचा करार असूनही ते बोलले होते. सीबीएसच्या जनरल कौन्सेल एलन केडन यांनी इशारा दिला की, बदनामीचा दावा नाही झाला तरी दुसऱ्याच्या करारात बेकायदा ढवळाढवळ केल्याचा दावा होऊ शकतो. बदनामीच्या दाव्यात सत्य हा बचाव असतो. इथे तो उपयोगी पडत नाही, कारण गुपित जितके खरे तितके ते फोडल्याचे नुकसान मोठे. भीती पोकळ नव्हती. याच प्रकारच्या दाव्यात टेक्साको कंपनीविरुद्ध १९८५ साली दहा अब्ज डॉलरहून मोठा निकाल लागला होता. फिलिप मॉरिसने एबीसीवर दहा अब्जांचा दावा लावला होता आणि डिस्नेकडून खरेदी होण्याच्या बेतात असलेल्या एबीसीने ऑगस्ट १९९५मध्ये माफी मागून तो मिटवला होता. मुलाखत रोखली गेली, १२ नोव्हेंबरला तिची छाटलेली आवृत्ती दाखवली गेली. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने वायगँड यांची न्यायालयीन साक्ष छापल्यानंतर, ४ फेब्रुवारी १९९६ रोजी सीबीएसने पूर्ण भाग दाखवला. त्याच सुमारास वेस्टिंगहाउसने ५.४ अब्ज डॉलरला सीबीएस विकत घेण्याचा व्यवहार चालू होता. केडन यांचा हेतू काय होता, हे बाहेरच्याने ठरवू नये, आणि त्यांचे कायद्याचे आकलनही चुकीचे म्हणता येत नाही. पण विक्रीला निघालेल्या कंपनीत वकिलाचा अशील आपोआप बदलतो. संस्था मागे पडते आणि विक्रीची किंमत पुढे येते. खटल्याच्या निकालाची वाट पाहण्याइतका वेळ खरेदीदाराकडे नसतो, म्हणून संभाव्य दावाही प्रत्यक्ष तोट्याइतका जड होतो.

यावर दुसरा आक्षेप येतो, आणि तो अधिक वजनदार आहे. मग सारे मालकीवरच अवलंबून आहे. वकिलाला उगाच श्रेय वा दोष का द्यावा? टाइम्सवर सल्झबर्गर घराण्याची पकड होती. १९६९ साली बाजारात आले ते मर्यादित अधिकारांचे समभाग. बहुसंख्य संचालक निवडण्याचा हक्क घराण्याकडेच राहिला. सीबीएसला असा आडोसा नव्हता. आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धेच. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे समभाग १५ जून १९७१ रोजी, म्हणजे ऐन त्याच आठवड्यात बाजारात आले. फौजदारी खटला झाला असता तर समभागांची विक्री बारगळली असती, कंपनीच्या दूरचित्रवाणी केंद्रांचे परवानेही धोक्यात आले असते. वकिलांनी विरोध केला; स्वतः वकील असलेले अध्यक्ष फ्रित्झ बीबी यांचाही कल न छापण्याकडे होता. १७ जूनच्या रात्री कॅथरीन ग्रॅहम यांनी छापण्याचा निर्णय दिला, तो वकिलांना डावलून. घराण्याची मालकी दोन्हीकडे होती. एका ठिकाणी मालकाला वकिलाने बळ दिले, दुसरीकडे मालकिणीला वकिलाविरुद्ध जावे लागले. मालकी दार उघडे ठेवते. आत पाऊल टाकण्याची तयारी वकिलाने आधीच केलेली असेल, तर मालकाला अंधारात उडी घ्यावी लागत नाही. ग्रॅहम यांना ती घ्यावी लागली, सल्झबर्गर यांना पायाखालची जमीन दाखवून दिलेली होती.

ही जमीन तयार करण्याचे काम खटल्याच्या रात्री होत नाही, याचा सर्वांत चांगला पुरावा गुडेल यांच्या एका पराभवात आहे. टाइम्सचे बातमीदार अर्ल कॉल्डवेल यांना १९७० साली ब्लॅक पँथर संघटनेविषयीच्या बातम्यांवरून ग्रँड ज्युरीपुढे साक्षीला बोलावले गेले. हे प्रकरण इतर दोन प्रकरणांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९७२च्या ब्रान्झबर्ग निकालात बातमीदारांची बाजू ५ विरुद्ध ४ अशी हरली. ग्रँड ज्युरीपुढे सूत्रांची नावे लपवण्याचा घटनात्मक हक्क नाही, असे बहुमत म्हणाले. पण पाचवे मत देणारे न्यायमूर्ती पॉवेल यांनी वेगळे टिपण जोडले होते. प्रत्येक प्रकरणात समतोल पाहावा, असा त्याचा आशय. पॉवेल आणि विरोधी चौघे मिळवले तर मर्यादित हक्काच्या बाजूने पाच न्यायमूर्ती होतात, अशी मांडणी गुडेल यांनी कायद्याच्या नियतकालिकांत केली, वकिलांच्या परिषदांत ती पुन्हा पुन्हा समजावली. पुढच्या वर्षांत अनेक अपील न्यायालयांनी हा मर्यादित हक्क मान्य केला. ही वाट पक्की सडक झाली नाही, हेही सांगायला हवे: २००५ साली टाइम्सच्याच ज्युडिथ मिलर सूत्राचे नाव न सांगितल्याबद्दल ८५ दिवस तुरुंगात राहिल्या. तरीही हरलेल्या निकालातून तीन दशके उपयोगी पडलेला हक्क काढणे हे कोणत्याही जिंकलेल्या खटल्यापेक्षा मोठे वकिली कर्तृत्व आहे. १९८० साली टाइम्स सोडून गुडेल मोठ्या पेढीत गेले, तोवर उपाध्यक्षपदापर्यंत पोचले होते. वृत्तस्वातंत्र्याचा कायदा ही वकिलीची स्वतंत्र शाखा म्हणून उभी राहिली, त्यात त्यांचा वाटा आहे.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. गुडेल जिंकले म्हणून शहाणे ठरले. हरले असते तर कंपनी बुडवणारा वकील म्हणून त्यांचे नाव झाले असते. शिवाय वकिलाने धोका सांगावा, निर्णय मालकाने घ्यावा. शूरपणा करणे त्याचे काम नाही. पहिल्या भागाचे उत्तर असे की, सल्ल्याचे मोल निकालावरून ठरवायचेच नसते. पेंटॅगॉन पेपर्सचा विजयही वाटतो तेवढा निखळ नव्हता. बहुमतातल्या काही न्यायमूर्तींनी छापण्यापूर्वी मनाई नाकारली, पण नंतर फौजदारी खटला भरण्याचा मार्ग मोकळा ठेवला. तो धोका गुडेल यांनी गृहीतच धरला होता. दुसरा भाग मात्र मान्यच करायला हवा. धाडस हे वकिलाचे भांडवल मानले, तर दुसऱ्या टोकाला काय होते, ते फॉक्सने दाखवले. २०२०च्या अमेरिकी निवडणुकीत मतदान यंत्रांनी घोटाळा केला, असे दावे फॉक्स न्यूजने प्रसारित केले. डोमिनियन या यंत्रनिर्मात्या कंपनीने १.६ अब्ज डॉलरचा दावा लावला. फॉक्सची भिस्त सलिव्हन खटल्याच्या ढालीवर होती. पण हे दावे खोटे आहेत हे आतल्या अनेकांना ठाऊक होते, असे त्यांच्याच संदेशांतून बाहेर आले, आणि दावे असत्य असल्याचे न्यायाधीशांनी सुनावणीआधीच नोंदवले. एप्रिल २०२३मध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटले. मुख्य विधी अधिकारी व्हिएत डिन त्या वर्षअखेरीस पायउतार झाले. काटेकोर बातमीदारासाठी घडवलेली ढाल बेफिकीर वाहिनीला वाचवत नाही. गुडेल यांचे धैर्य तीन महिन्यांच्या अभ्यासातून आलेले होते.

अलीकडच्या दोन तडजोडी सीबीएसची १९९५ची आठवण करून देतात. डिसेंबर २०२४मध्ये एबीसीने डोनाल्ड ट्रम्प यांचा बदनामीचा दावा त्यांच्या नियोजित संग्रहालयाला दीड कोटी डॉलर आणि वकिलांच्या खर्चाचे दहा लाख देऊन मिटवला. जुलै २०२५मध्ये सीबीएसची मालक पॅरामाउंट हिने कमला हॅरिस यांच्या मुलाखतीच्या संपादनावरून ट्रम्प यांनीच लावलेल्या दाव्यात एक कोटी साठ लाख डॉलर दिले. हा दावा टिकणार नाही, असे अनेक कायदेपंडितांचे मत होते. तेव्हा पॅरामाउंटचे स्कायडान्सशी विलीनीकरण सरकारी मंजुरीच्या प्रतीक्षेत होते. ती त्याच महिन्यात मिळाली. दोन्ही गोष्टींचा संबंध नाही, असे कंपनीने सांगितले. ते खरे धरले, तरी ज्या कंपनीचा पुढचा व्यवहार सरकारच्या सहीवर अडला आहे, तिच्या वकिलासमोरचा हिशेब १९७१च्या वकिलापेक्षा वेगळा असतो. तिथे खटला जिंकण्याची शक्यता हा प्रश्न गौण होतो आणि खटला लांबण्याची किंमत मुख्य ठरते.

आपल्याकडे १९७१च्या लढ्याचा वारसा न्यायालयांनी स्वीकारला, पण तो वापरणारी संस्था उभी राहिली नाही. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू या १९९४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने छापण्यापूर्वी मनाईचा सरकारचा हक्क नाकारला आणि तिथे पेंटॅगॉन पेपर्सचा दाखला दिला. मार्च २०२४मध्ये झी विरुद्ध ब्लूमबर्ग प्रकरणात, सुनावणी होण्याआधीच लेख हटवण्याचे आदेश अपवादानेच द्यावेत, असे बजावले गेले. पण पुण्याच्या न्यायालयात २०११ साली लागलेला निकालही लक्षात ठेवावा. टाइम्स नाऊ वाहिनीने २००८मध्ये एका घोटाळ्याच्या बातमीत नामसाधर्म्यामुळे चुकीच्या न्यायमूर्तींचे, सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र काही सेकंद दाखवले. भरपाई ठरली शंभर कोटी. अपिलासाठी उच्च न्यायालयाने वीस कोटी भरायला आणि ऐंशी कोटींची बँक हमी द्यायला सांगितले. चूक उघड झाल्याबरोबर ठळक माफी मागायला लावणे हेही संस्थेच्या वकिलाचेच काम, आणि ते करायला त्याचा शब्द आत चालावा लागतो. त्यात बार कौन्सिलच्या नियम ४९नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, वकील-अशील संवादाला मिळणारे पूर्ण संरक्षण अशा नोकरदार वकिलाला नाही, असेही स्पष्ट केले. जिल्हा पातळीवरच्या मराठी दैनिकाला तर विधी विभागच परवडत नाही. बदनामी हा फौजदारी गुन्हा म्हणून कायम आहे, त्यामुळे नोटीस आली की संपादक ओळखीच्या वकिलाला विचारतो, आणि तो लोब यांनी दिलेलाच सल्ला देतो.

म्हणून मराठी वाचकाने एखादे माध्यम किती स्वतंत्र आहे, हे जोखताना संपादकाचे अग्रलेख वाचून थांबू नये. त्या माध्यमाचा वकील बातमीच्या आधी बोलावला जातो की नोटीस आल्यावर? तो कोणाला उत्तरदायी आहे, मालकाच्या इतर उद्योगांना की प्रकाशनाला? कंपनीचा पुढचा परवाना किंवा व्यवहार कोणाच्या सहीसाठी थांबला आहे? या तीन उत्तरांवरून पुढच्या संकटात काय होईल, ते बऱ्यापैकी सांगता येते. आणि एकेकट्याला वकील परवडत नसलेल्या छोट्या दैनिकांनी मिळून एक वकील नेमणे, त्याला वर्षभर बातमीदारांबरोबर बसवणे, हे न्यायालयाच्या कृपेवर विसंबण्यापेक्षा स्वस्त आणि भरवशाचे आहे. कायदा एकच असतो. त्याला कोणता प्रश्न विचारायचा, हे ठरवणारा माणूस संकटाच्या आधीच आत असावा लागतो.